कॅमेऱ्याक घाम इलो! : हवेतलं बाष्प, दवबिंदू आणि शाळेचा कॅमेरा



आजचा पाठ इयत्ता चौथीच्या परिसर अभ्यासाला जोडून घेता येतो आणि सातवीच्या सामान्य विज्ञानालाही. पण खरं सांगायचं तर हा पाठ मी पुस्तकातून काढलेला नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून तो आला. म्हणून आधी ती चूक सांगते.

आमची शाळा सिंधुदुर्गातली, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. शाळेला एक चांगला कॅमेरा आहे. मोठी लेन्स लावायचा, गळ्यात अडकवायचा. तो शासनाने दिलेला नाही, लोकवर्गणीतून आलाय. गणपतीला गावी आलेल्या मुंबईकर चाकरमान्यांनी शंभर-दोनशे असे पैसे काढले, एका आजीने तर काजूबियांच्या पैशातले पन्नास दिले. त्यामुळे त्या कॅमेऱ्याला हात लावताना मला नेहमीच थोडी भीती वाटते.

शाळेत उंदीर आहेत आणि कौलं गळतात, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत कॅमेरा मी माझ्या घरी ठेवला होता. मी तालुक्याच्या गावी राहते. बाळाच्या अंगावर घामोळं उठतं म्हणून त्याच उन्हाळ्यात आम्ही एसी बसवला होता. कॅमेरा त्याच खोलीत, कपाटावर, त्याच्या जाड गादीच्या बॅगेत. मला वाटलं, थंड आणि कोरड्या खोलीत आहे, म्हणजे उत्तमच.

शाळेचा पहिला दिवस म्हणजे प्रवेशोत्सव. पहिलीत येणाऱ्या मुलांना ओवाळायचं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे घ्यायचे, फुगे, गोड खाऊ. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी आभाळ भरलेलं, हवा दमट, वारा नाही. मी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली, वरून रेनकोट घातला आणि स्कूटीवरून पंचवीस मिनिटांत शाळेत पोचले. मुलं आली, वाजंत्री सुरू झाली, मी घाईघाईने कॅमेरा बाहेर काढला, डोळ्याला लावला, तर समोर काहीच नाही. सगळं पांढरं. लेन्सवर धुकं.

मी ओढणीने पुसलं. दोन सेकंदांत परत धुकं. परत पुसलं. परत तेच. लेन्स पुढे-मागे करून पाहिली, चालू-बंद केलं. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा मान वाकडी करून बघत म्हणाला, "बाई, कॅमेऱ्याक घाम इलो!"

सगळे हसले. मीही हसले, पण माझ्याच अंगाला घाम फुटला होता. कारण रांगेत पहिली उभी होती ती नवी परकर नेसलेली एक मुलगी. तिचे बाबा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी येणार. तिची आई मला आठवडाभर आधीच सांगून गेली होती, "बाई, तिच्या बाबांक फोटो धाडूचो हा." त्या मुलीचं पाऊल कागदावर उमटलं तेव्हा मी लेन्स पुसत होते. नंतर फोटो निघाले, अर्ध्या तासाने कॅमेरा आपोआप स्वच्छही झाला, पण ते पहिलं पाऊल होऊन गेलं होतं. जे दोन फोटो त्या क्षणाचे निघाले त्यात पांढऱ्या धुरात एक लाल ठिपका दिसतो, तो तिचा परकर. आईने काही बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागलं.

दुपारी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पावसात भिजवलात काय?" मी शपथेवर सांगितलं की थेंबही लागू दिला नाही. आणि तेव्हाच डोक्यात आलं, की पाऊस लागला नाही, मग पाणी आलं कुठून? चौथीच्या मुलांनीही हाच प्रश्न विचारला होता, "पाणी खयसून इला?" मग ठरवलं, दुसऱ्या दिवशी याच प्रश्नाचा पाठ घ्यायचा.

मुलं काय म्हणाली

पाठाच्या सुरुवातीला मी उत्तर दिलं नाही. बर्फ घातलेलं कोकम सरबत स्टीलच्या ग्लासात ओतलं, वर ताटली झाकली आणि ग्लास टेबलावर ठेवला. पाच मिनिटांत बाहेरून थेंब. विचारलं, हे थेंब कुठून आले? बहुतेकांचं उत्तर एकच, "ग्लास गळता." दोघे म्हणाले, आतलं पाणी वर चढून बाहेर उतरतं. एक म्हणाली, बर्फाची वाफ येते ती चिकटते.

मित्रहो, ही उत्तरं चुकीची आहेत म्हणून लगेच खोडू नका. मी डी.एड.ला असताना पाठ टिपणात आम्ही "विद्यार्थ्यांची संभाव्य उत्तरे" असा रकाना भरायचो आणि त्यात सगळी बरोबर उत्तरं लिहायचो! प्रत्यक्षात मुलाच्या चुकीच्या उत्तरातच पुढचा प्रयोग दडलेला असतो. ग्लास गळतो म्हणता? मग बाहेरचे थेंब लाल हवेत. बोटाने टिपून पाहा. थेंब पांढरे, म्हणजे बिनरंगाचे. जिभेला लावून पाहा. आंबट नाही, गोड नाही. म्हणजे सरबत बाहेर आलेलं नाही. झाकण होतं, म्हणजे वरून उतरलेलंही नाही.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत बर्फ आणि पाणी भरलं, बाहेरून कोरडी पुसली आणि काट्यावर ठेवून दिली. वीस मिनिटांत वजन 3 ग्रॅमने वाढलं. आतून गळत असतं तर वजन तेवढंच राहिलं असतं. वाढलं, म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन बसलं. हे मुलांना फार पटलं. आकडा डोळ्यांदेखत वाढताना बघणं वेगळंच. दोन मुलं तर मधल्या सुट्टीतही काट्यापासून हलली नाहीत.

वर्गातल्या हवेत किती पाणी?

आता आपण शिक्षकांनी आणि मोठ्या मुलांनी समजून घ्यायचा भाग. हवेत बाष्प असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण किती, हे कुणी सांगत नाही. हवा जितकी गरम तितकं जास्त बाष्प तिच्यात मावतं. एक घनमीटर हवेत 10 अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त साधारण 9 ग्रॅम, 20 अंशांना 17 ग्रॅम आणि 30 अंशांना 30 ग्रॅम. म्हणजे दहा अंश वाढले की मावण्याची मर्यादा जवळजवळ दुप्पट होते.

समजा आमच्याकडच्या जूनमधल्या सकाळी तापमान 28 अंश आहे आणि सापेक्ष आर्द्रता 85 टक्के. 28 अंशांना मर्यादा सुमारे 27 ग्रॅम, तिचे 85 टक्के म्हणजे 23 ग्रॅम. आमचा वर्ग 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 3 मीटर उंच, म्हणजे 90 घनमीटर. 90 गुणिले 23, म्हणजे दोन किलोच्या वर! दोन लिटर पाणी आपल्या डोक्याभोवती न दिसता तरंगत आहे. मी एक-एक लिटरच्या दोन बाटल्या भरून टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, एवढं पाणी या वर्गाच्या हवेत आहे. मुलं छताकडे बघायला लागली. (गणिताचा घनफळाचा घटक आयता झाला, तो फायदा वेगळा.)

आता हीच 23 ग्रॅम बाष्प असलेली हवा हळूहळू थंड केली तर काय होईल? मर्यादा कमी-कमी होत जाईल. 25 अंशांना मर्यादा साधारण 23 ग्रॅम आहे. म्हणजे 25 अंशांना हवा काठोकाठ भरली. त्याखाली गेली की जास्तीचं बाष्प पाणी होऊन बाहेर पडणारच. या तापमानाला दवबिंदू तापमान म्हणतात आणि बाष्पाचं पाणी होण्याला संघनन. आपण शिकलो तेव्हा पुस्तकात सांद्रीभवन होतं, अर्थ तोच.

माझा कॅमेरा रात्रभर 22-23 अंशांच्या खोलीत होता. काच, धातू, आतली सगळी यंत्रणा त्याच तापमानाला. आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू 25. कॅमेऱ्याला स्पर्श करणारी हवा थंड झाली आणि तिने आपलं पाणी तिथेच टाकलं. मी पुसत होते तेव्हा फक्त पाणी पुसत होते. काच थंडच होती, त्यामुळे पुढची हवा येऊन पुन्हा पाणी टाकत होती. दिवसभर पुसलं असतं तरी काच गरम होईपर्यंत काही उपयोग नव्हता.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या, कारण बरेच जण इथे चुकतात आणि मीही चुकत होते. "तापमानात फरक पडला की धुकं येतं" असं आपण म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. माझी डी.एड.ची मैत्रीण विदर्भात शिकवते. तिला हा प्रसंग सांगितला तर म्हणाली, "आमच्याकडे मे महिन्यात एसीतून 42 डिग्रीत जातो, कॅमेऱ्याला काही होत नाही, तुझंच काहीतरी!" तिचं बरोबर होतं. 42 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो 14 च्या आसपास. कॅमेरा 23 अंशांचा. तो दवबिंदूपेक्षा कितीतरी गरमच आहे, मग पाणी कशाला बसेल? तिच्याकडे फरक 19 अंशांचा आणि धुकं नाही, माझ्याकडे फरक पाच अंशांचा आणि धुकंच धुकं. प्रश्न एकच विचारायचा, वस्तू बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड आहे का?

दवबिंदू वर्गात मोजताही येतो. स्टीलच्या ग्लासात साधं पाणी घ्या, विज्ञान पेटीतला तापमापक बुडवा आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकून ढवळत राहा. ग्लासची बाहेरची चकाकी जिथे पहिल्यांदा पुसट होते ते तापमान लिहून ठेवा. तोच दवबिंदू. ग्लासावर श्वास सोडायचा नाही, एवढी काळजी घ्या. आमच्या वर्गात जुलैत 25 आला, जानेवारीत 18. मुलांनी तक्ता भिंतीवर लावलाय.

बॅगेत होता, तरी कसा भिजला?

हा प्रश्न मला मुख्याध्यापकांनी विचारला आणि तो अगदी रास्त होता. कॅमेऱ्याची बॅग गादीसारखी जाड असते. ती धक्क्यापासून वाचवते. पण ती जाड असल्यामुळेच आतला थंडावाही टिकून राहतो, जसा बर्फ आपण भुशात किंवा गोणपाटात गुंडाळतो तसा. पंचवीस मिनिटं मी उघड्या हवेतून आले तरी आत कॅमेरा जवळजवळ तसाच थंड होता. आणि मी ती चेन उघडली ती नेमकी सर्वांत दमट जागी, ओल्या अंगणात, माणसांच्या गर्दीत.

बॅग हवाबंद नसते, हेही लक्षात ठेवा. चेनच्या फटीतून हवा हळूहळू आत जातेच.

यावर उपाय फार स्वस्त आहे. चेन असलेली, हवाबंद होणारी जाड प्लास्टिकची पिशवी. आपण फ्रीजमध्ये वाटाणे ठेवतो ना, तशी, पण मोठी. थंड खोलीतच, म्हणजे कॅमेरा अजून थंड आणि भोवतालची हवा कोरडी असतानाच, कॅमेरा त्या पिशवीत घालायचा. शक्य तेवढी हवा दाबून काढायची आणि चेन लावायची. मग बाहेर न्यायचा. आता पाणी बसेल ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला. आत फक्त एसीतली कोरडी हवा आहे, तिच्यात बाष्पच कमी. कॅमेरा सावलीत हळूहळू बाहेरच्या तापमानाला येईल. छोट्या कॅमेऱ्याला अर्धा-पाऊण तास, मोठ्या लेन्सला तास-दीड तास. पिशवीला हात लावून पाहा. थंड लागत नसेल आणि बाहेरचे थेंब वाळले असतील, तर उघडा.

क्रम मात्र चुकवू नका. बाहेर येऊन मग पिशवीत घातलात तर दमट हवाच आत कोंडली जाते, ते आणखी वाईट.

हे मुलांना दाखवायला मी कॅमेरा वापरला नाही (एकदा हात पोळलेले!). दोन स्टीलच्या वाट्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या. एक फ्रीजच्या दारातच पिशवीत बंद केली, दुसरी तशीच. शाळेत थर्मासच्या डब्यातून नेल्या, टेबलावर ठेवल्या. उघडी वाटी लगेच ओली. पिशवीतली वाटी कोरडी, पिशवी बाहेरून ओली. मुलांनी पिशवीवर बोटाने नावं लिहिली. मग मी विचारलं, कॅमेरा कुठल्या वाटीसारखा न्यायला हवा होता? उत्तर सांगायची गरज पडली नाही. पाठाची अध्ययन निष्पत्ती तपासायची असेल तर माझ्या मते एवढा एक प्रश्न पुरतो.

त्याहून सोपा उपाय म्हणजे आदल्या रात्रीच कॅमेरा एसीच्या खोलीतून काढून बाहेरच्या खोलीत ठेवणे. हो, इतकं सोपं होतं.

धुकं बसलंच तर

मी त्या दिवशी जे-जे केलं ते करू नका, हे पहिलं. ओढणीने पुसलं, त्यामुळे धूळ काचेवर घासली गेली. दोन बारीक ओरखडे अजून आहेत. लेन्स पुढे-मागे केली. झूमची लेन्स लांब होते तेव्हा तिच्या आतली जागा वाढते आणि ती बाहेरची हवा आत ओढते, भात्यासारखी. म्हणजे दमट हवा मी स्वतःच थंड लेन्सच्या पोटात भरली. बाहेरचं पाणी अर्ध्या तासात उडालं, पण आतल्या काचेवरचं धुकं दुसऱ्या दिवशीपर्यंत होतं. आणि कॅमेरा चालू-बंद करत राहिले. आत पाणी असताना वीज सोडणं म्हणजे काय, हे आपण मुलांना ओल्या हाताने बटण लावू नका म्हणून रोज शिकवतो.

तर धुकं दिसलं की कॅमेरा बंद करा, लेन्स काढू नका. लेन्स काढली की दमट हवा थेट आतल्या नाजूक भागावर जाते. सावलीत, हलत्या हवेत, पंख्याखाली ठेवून द्या आणि थांबा. केस वाळवायचं यंत्र लावू नका, त्याची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते आणि गोंद, रबर यांना इजा करते. उन्हातही नको. आमच्या सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. मोबाइल पाण्यात पडला की लोक करतात तसं. तांदूळ काही खास पाणी शोषत नाही, वर त्याचं पीठ फटींमधून आत जातं. सासूबाईंना हे मी सांगितलं नाही, कॅमेरा कपाटात लपवला!

मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही असं धुकं येतं, पण मोबाइल हातात असतो, चालू असल्याने थोडा उबदार असतो, बऱ्यापैकी बंदिस्तही असतो. त्यामुळे लवकर निवळतं. चष्मेवाल्यांना तर हे रोजचंच. एसी बसमधून उतरलं की दोन मिनिटं आंधळी कोशिंबीर.

खरं नुकसान नंतर कळलं

फोटो गेले, ओरखडे आले, इथवर गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण त्या दिवशी संध्याकाळी मी कॅमेरा त्याच बॅगेत घालून शाळेच्या कपाटात ठेवला. बॅगेची आतली गादी दमट, लेन्सच्या आत थोडं बाष्प, कपाट बंद, बाहेर कोकणातला पाऊस. गणपतीच्या सुट्टीआधी कॅमेरा काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू. बुरशी!

आपल्याला वाटतं बुरशी भाकरीवर, लोणच्यावर, चपलेवर येते. काचेवर काय खाणार? पण काचेवरची धूळ, बोटांचा तेलकटपणा एवढं तिला पुरतं. ओलावा आणि अंधार मिळाला की झालं. वाढताना ती जे आम्ल सोडते त्याने काचेवरचा पातळ लेप खराब होतो, आणि तो खराब झाला की पुसून परत येत नाही. दुरुस्तीवाल्यांनी लेन्स उघडून साफ करून दिली, 1800 रुपये घेतले. ते मी माझ्या खिशातून दिले आणि शाळेत कुणाला सांगितलं नाही. आता इथे लिहिते आहे म्हणजे कळेलच.

हवेची आर्द्रता बराच काळ 60-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याखाली क्वचितच येते. म्हणून आता कॅमेरा बॅगेत नाही, रबराची कडा असलेल्या हवाबंद डब्यात राहतो. डाळीचा मोठा डबा घेतला आहे. त्यात सिलिका जेलचे दाणे कापडी पुरचुंडीत, आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळासारखं यंत्र. काटा 40 ते 50 मध्ये राहील असं बघायचं. अगदी कोरडंठाकही नको, रबर आणि आतलं वंगण सुकतं म्हणतात.

सिलिका जेलबद्दल एक सूचना, विशेषतः पालकांसाठी. निळे दाणे ओलावा पिऊन गुलाबी होतात, ते दिसायला छान असतात आणि मुलांना प्रयोग म्हणून दाखवावेसे वाटतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. मुलांच्या हातात देऊ नका. नारिंगी दाणे मिळतात, ते ओले झाले की हिरवट होतात, ते घ्या. दाणे फेकायचे नसतात. जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या कढईत मंद आचेवर परतले की मूळ रंग परत येतो. गार झाल्यावर लगेच डब्यात टाकायचे, नाहीतर बाहेरचीच हवा पिऊन बसतात. आणि बॅग? ती महिन्यातून एकदा उन्हात वाळत घालते, गोधडीसारखी.

सहलीला, थंडीच्या गावी

मे महिन्यात काश्मीर-मनालीला जाणाऱ्या पालकांसाठी हीच गोष्ट उलट्या बाजूने. तिथे बाहेर थंडी आणि खोलीत ऊब. फोटो काढून थंडगार कॅमेरा घेऊन तुम्ही हॉटेलच्या खोलीत शिरता, तिथे चहाची वाफ, ओले कपडे, पाच माणसांचे श्वास. धुकं तिथे बसतं. म्हणून दाराबाहेरच, अजून थंडीत असताना, कॅमेरा पिशवीत बंद करायचा. मुलांना लगेच फोटो बघायचे असतात, म्हणून कार्ड आणि बॅटरी आधीच काढून खिशात घ्या. नाहीतर हट्टापायी पिशवी उघडली जाते. थंडीत बॅटरीही लवकर मान टाकते, जास्तीची एक अंगाजवळच्या खिशात ठेवा.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तिथे पहाटे जाणाऱ्यांनाही हेच लागू.

रात्रीच्या आकाशदर्शनात आणखी एक गंमत होते. एसी नाही, खोली नाही, कॅमेरा संध्याकाळपासून बाहेरच आहे, तरी मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव. कारण निरभ्र आकाशाकडे तोंड करून ठेवलेली वस्तू आपली उष्णता आकाशात सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. पूर्वी लोकांत वाद होता की दव आकाशातून पडतं की जमिनीतून वर येतं. लंडनचे एक डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी बागेत रात्रभर लोकरीचे पुंजके ठेवून, सकाळी त्यांचं वजन करून याचा छडा लावला. 1814 साली त्यांनी दवावरचा निबंध छापला. आडोशाखालच्या लोकरीवर दव कमी, उघड्या आकाशाखालच्या लोकरीवर जास्त. लोकर आणि तराजू, एवढ्याच साहित्यात! आपल्या शाळेत हिवाळ्यात कापसाच्या बोळ्यांवर हा प्रयोग सहज होईल. आणि लेन्सला पुढे नळीसारखं टोपण लावलं की दव उशिरा बसतं, तेही याच कारणाने. लेन्सला दिसणारं आकाश कमी होतं.

यंदाचा प्रवेशोत्सव

यंदा कॅमेरा आदल्या संध्याकाळीच शाळेत आणला होता, पण मुलांना पिशवीचा प्रयोग खराखुरा बघायचा होता. म्हणून पहिल्याच दिवशी मी जुना, बिघडलेला साधा कॅमेरा एसीतून पिशवीत बंद करून आणला आणि पडवीतल्या खुंटीला टांगला. गेल्या वर्षी घाम शोधून काढणारा मुलगा आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेलाय, पण त्या सकाळी शाळा भरायच्या आधी मुद्दाम आला. हातात घड्याळ, समोर फळा. त्याने लिहिलेलं मी पुसू दिलं नाही, अजून तसंच आहे:

पिशवी टांगली 8.10
बाहेर थेंब 8.12
थेंब वाळले 8.50
पिशवी उघडली 9.05, कॅमेरा कोरडा

चांगल्या कॅमेऱ्याने सव्वानऊला पहिलीच्या सात मुलांची पावलं टिपली. गेल्या वर्षीची ती मुलगी आता दुसरीत. ती कुंकवाच्या पाण्याचं ताट धरून उभी होती. तिने स्वतःच म्हटलं, "बाई, माझो पण काढा, बाबांक." ताट खाली ठेवून तिने पाय बुडवला आणि दुसरीत असूनही कागदावर पाऊल उमटवलं. तो फोटो त्याच रात्री बोटीवर गेला.